तळहातावरची सूज, ‘बर्सायटिस’चा रिपोर्ट आणि इंजेक्शनची घाई

प्रश्न असा आहे: वय ४८. डोंबिवलीत पोळीभाजी केंद्र चालवते, रोजच्या दोनशे-सव्वादोनशे पोळ्या स्वतः लाटते. आठ वर्षांपासून मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. तीन महिन्यांपासून उजव्या तळहातावर करंगळीच्या बाजूला सूज आहे. आता मनगटाच्या वर, आतल्या बाजूलाही फुगवटा दिसतो. दुखणं फारसं नाही, ताप नाही. पण मूठ घट्ट वळत नाही, आणि रात्री अंगठा व त्याच्या शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येतात. सोनोग्राफीत ‘अल्नर बर्सायटिस’ असं आलंय. एक डॉक्टर म्हणतात स्टेरॉइडचं इंजेक्शन घ्या, दुसरे म्हणतात ऑपरेशन करून टाका. काय करू?

ताई, आधी थेट उत्तर देतो. इंजेक्शन आत्ता घेऊ नका. ऑपरेशन कदाचित लागेल, पण तेही ‘करून टाकायचं’ म्हणून नाही. त्याआधी दोन-चार गोष्टी तपासून घ्यायच्या आहेत. तुमच्या वर्णनात एक-दोन खुणा अशा आहेत की त्या वाचून हातावर काम करणारा कुठलाही डॉक्टर सावध होईल.

रिपोर्टमध्ये जे लिहिलंय ते चूक नाही, अपुरं आहे. सोनोग्राफी करणाऱ्याला पडद्यावर पाणी साठलेलं दिसलं, आवरण जाड झालेलं दिसलं, त्याने त्या जागेचं नाव लिहून पुढे ‘सूज’ असं लिहिलं. सूज कशामुळे आली हे त्या कागदावर कुठेच नाही. इंजेक्शन की ऑपरेशन हे मात्र सगळं त्या ‘कशामुळे’वर ठरतं.

गुडघा, खांदा, कोपर इथे घर्षण कमी करायला बर्सा नावाच्या पातळ पिशव्या असतात. कोपराच्या टोकावर लिंबाएवढी गाठ येते, ती अशाच पिशवीची. हातातला प्रकार वेगळा आहे. इथे ज्यांना अल्नर बर्सा आणि रेडियल बर्सा म्हणतात ती खरं तर बोटं वाकवणाऱ्या टेंडनची, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्यांची, आवरणं आहेत. सायकलच्या ब्रेकची तार नळीतून सरकते तसे हे टेंडन ओल्या, गुळगुळीत आवरणातून सरकतात. अंगठ्याच्या टेंडनचं आवरण मनगटाच्या वरपासून थेट अंगठ्याच्या टोकाकडे जातं, तो रेडियल बर्सा. बाकीच्या चार बोटांचे टेंडन तळहातात एका मोठ्या आवरणात एकत्र असतात, तो अल्नर बर्सा. तो मनगटाच्या दोन-तीन सेंटिमीटर वर सुरू होतो आणि बहुतेकांमध्ये करंगळीच्या टोकापर्यंत सलग जातो. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका यांची आवरणं मात्र तळहाताच्या वरच्या रेषेपाशी संपतात. मनगटापाशी या दोन मोठ्या आवरणांची बऱ्याच जणांत एकमेकांशी वाटही असते.

ही रचना सांगण्याचं कारण आहे. मनगटावर एक जाड आडवा पट्टा असतो, सगळे टेंडन त्याच्या खालून जातात आणि त्यांच्यासोबत एक मुख्य नसही जाते. आवरण फुगलं की पट्ट्याखाली जागा उरत नाही. मग सूज पट्ट्याच्या वर एक आणि खाली एक अशी दोन ठिकाणी बाहेर येते आणि मधली नस चेपते. तुमच्या रात्रीच्या मुंग्या त्या चेपलेल्या नसेच्या आहेत. नुसतं ‘कार्पल टनेल’ (मनगटात नस चेपण्याचा नेहमीचा आजार) म्हणून मुंग्यांचं वेगळं औषध सुरू केलं असेल, तर त्याने मूळ जागी काही होणार नाही.

मी अशा रुग्णाला हात टेबलावर उताणा ठेवायला सांगतो. एका हाताची बोटं मनगटाच्या वरच्या फुगवट्यावर, दुसऱ्या हाताची तळहातातल्या फुगवट्यावर. वर हलकेच दाबलं की खालची बोटं उचलली जातात, म्हणजे आतलं पाणी पट्ट्याखालून इकडून तिकडे जातंय. कधीकधी त्या पाण्याबरोबर बारीक दाणे सरकल्यासारखे बोटांना लागतात, किंचित करकर होते. तुमच्या डॉक्टरांनी हे करून पाहिलंय का, हे मला विचारायचं आहे. घरी स्वतः दाबून दाबून बघू नका, त्याने कळणार काही नाही आणि सूज मात्र वाढेल.

ते दाणे म्हणजे जुनाट सुजेत आवरणाचे तुटून पडलेले आणि फायब्रिनचे (रक्त गोठताना बनणाऱ्या प्रथिनाचे) बनलेले पांढरे कण. वैद्यकात त्यांना तांदळाचेच दाणे म्हणतात आणि ऑपरेशनमध्ये ते वाटीभर निघतात तेव्हा नावाबद्दल शंका राहत नाही. पट्ट्याच्या वर-खाली सूज, कमी दुखणं, महिनोन्‌महिने हळूहळू वाढ आणि आत दाणे, एवढं जुळलं की आपल्या देशात पहिला संशय क्षयाचा, म्हणजे टीबीचा घ्यायचा. सर्जरीच्या जुन्या पुस्तकांत याला ‘कंपाउंड पामर गँग्लियन’ म्हटलंय. संधिवातातही असे दाणे सापडतात, म्हणून दाणे दिसले म्हणजे टीबी ठरला असं नाही. पण टीबी नाही हे सिद्ध झाल्याशिवाय पुढचं पाऊल टाकायचं नाही.

इथे बहुतेक जण म्हणतात, ‘मला तर खोकलाच नाही.’ हाताच्या टीबीत खोकला नसतोच असं धरून चाला. छातीचा एक्स-रेसुद्धा अनेकदा स्वच्छ येतो. जंतू कधीकाळी श्वासातून शरीरात गेलेला असतो, रक्तातून फिरून एखाद्या आवरणात जाऊन बसतो आणि प्रतिकारशक्ती उतरली की डोकं वर काढतो. मधुमेहात क्षयाचा धोका इतरांपेक्षा दोन ते तीन पट असतो, त्यामुळे तुमचा मधुमेह ही इथे किरकोळ बाब नाही. आणि हो, तळहातातल्या टीबीचा संसर्ग तुमच्या पोळ्यांमधून कुणाला होत नाही. फुप्फुसाचा टीबी नसेल आणि हातावर वाहती जखम नसेल तर घरच्यांनी ताट-वाटी वेगळी करण्याचीही गरज नाही. हे लिहून ठेवतो, कारण रोगापेक्षा या भीतीनेच माणसं तपासणी टाळतात.

आता इंजेक्शनला नाही का म्हटलं ते कळेल. स्टेरॉइड सूज उतरवतं, कारण ते त्या जागेची प्रतिकारशक्ती दाबतं. साध्या घर्षणाच्या सुजेत हेच हवं असतं. पण आत जंतू असेल तर पंधरा दिवस बरं वाटतं, मग सूज दुप्पट होऊन येते आणि टेंडन पोखरले जातात. एखाद्या सकाळी वाटी उचलताना करंगळी वळेनाशी होते, कारण टेंडन आतल्या आत तुटलेला असतो. शिवाय मधुमेहात स्टेरॉइडच्या इंजेक्शननंतर काही दिवस साखर चढते, हा दुय्यम मुद्दा.

टीबी सोडून दुसरी कारणंही आहेत, ती तुमच्या बाबतीत विचारून खोडावी लागतील. सकाळी दोन्ही हातांची बोटं अर्धा-पाऊण तास आखडलेली असतात का? घरात कुणाला संधिवात आहे का? असेल तर आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या रक्ततपासण्या. युरिक ॲसिडही बघायचं, ते वाढून होणारा गाऊट पायाच्या अंगठ्यालाच होतो हा गैरसमज आहे. मासे साफ करता का? माशाच्या काट्याने टोचलेल्या हातात क्षयाच्या जंतूचा एक भाऊबंद शिरतो, तो तशीच संथ सूज आणतो, आणि त्याचं कल्चर (लॅबमध्ये जंतू वाढवून बघणं) नेहमीच्या तापमानाला नीट वाढत नाही, ३० अंशांच्या आसपास ठेवावं लागतं. मासळी विकणाऱ्या, मत्स्यटाक्या सांभाळणाऱ्या लोकांनी हे डॉक्टरांना आपणहून सांगितलं पाहिजे, लॅबला आधी सांगितलं नाही तर रिपोर्ट ‘काही नाही’ असा येतो. शेतावर काम करणाऱ्यांत बाभळीचा, शिंदीचा काटा आत मोडून राहतो, वरची जखम भरते आणि महिन्या-दोन महिन्यांनी सूज धरते. काटा एक्स-रेत दिसत नाही, सोनोग्राफीत बहुधा दिसतो.

आणि शेवटी खरं घर्षण. रोज एकाच जागी दाब पडला तर जिथे पिशवी नव्हती तिथेही शरीर नवी तयार करतं. मुठी रोवून कणीक तिंबणाऱ्यांच्या बोटांच्या पेरांवर, करवत किंवा पाना धरणाऱ्यांच्या तळहातावर असे उंचवटे मी पाहतो. ब्रिटनच्या कोळसा खाणींतल्या कामगारांचा हात फावड्या-कुदळीने असा सुजायचा की तिथे ‘बीट हँड’ हा भरपाई मिळणाऱ्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत गेला. आपल्याकडे पोळ्या लाटणाऱ्या बाईचा हात कुठल्या यादीत जात नाही, असो. पण घर्षणाची सूज काम थांबवल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत थोडी तरी उतरते, आणि ती सहसा पट्ट्याच्या वर-खाली अशी दोन भागांत नसते. तुमची तशी आहे, म्हणून मी तिला शेवटी ठेवतोय.

तुमच्या बाबतीत लागू नाही, पण वाचणाऱ्या इतरांसाठी एक गोष्ट इथेच सांगतो, कारण तिथे तास मोजावे लागतात. करंगळीला किंवा अंगठ्याला काही टोचलं, आणि एक-दोन दिवसांत ठणका लागला, तर चार खुणा बघा: बोट आपोआप अर्धवट वाकलेलं राहतं, अख्खं बोट सारखं सुजतं, टेंडनच्या रेषेवर दाबलं की दुखतं, आणि दुसऱ्याने बोट अलगद सरळ करायचा प्रयत्न केला तर जीव जातो. शिकागोचे सर्जन ॲलन कनॅव्हल यांच्या नावाने या खुणा शंभर वर्षांहून अधिक काळ शिकवल्या जातात. करंगळीतला पू मनगटापर्यंत येतो, तिथून अंगठ्याच्या आवरणात उतरतो आणि घोड्याच्या नालेच्या आकाराचा गळू होतो. याला शेक, लेप, तोंडातून घेतलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या पुरत नाहीत. त्याच दिवशी हॉस्पिटल, शिरेतून औषध, आणि बहुतेक वेळा आवरण उघडून धुणं. मधुमेही माणसाने तर सकाळची वाट बघू नये. नखाच्या कडेला होणारं नखुरडं हा वेगळा आणि बराच साधा प्रकार आहे, पण नखुरड्याचं दुखणं बोटभर वर चढलं तर तेही याच रांगेत.

तर तुमच्या तपासण्या. हाताचा साधा एक्स-रे, छातीचा एक्स-रे. रक्तात सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), ईएसआर आणि सीआरपी (शरीरातली सूज दाखवणाऱ्या), एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), युरिक ॲसिड आणि वर म्हटलेल्या दोन. ईएसआर वाढलेला आला म्हणून टीबी ठरत नाही आणि नॉर्मल आला म्हणून सुटका होत नाही, त्याच्या भरवशावर कुणी सहा महिन्यांच्या गोळ्या लिहून देत असेल तर नम्रपणे थांबवा. एमआरआय सर्जनने मागितला तरच काढा. ऑपरेशन ठरलं तर तो उपयोगी असतो, कुठपर्यंत पसरलंय हे दिसतं. नुसतं नाव कळायला एवढे पैसे घालवायची गरज नाही.

खरा निकाल येतो तो आवरणाच्या तुकड्यातून. सुईने काढलेलं पाणी पुष्कळदा पुरत नाही, कारण त्यात जंतूंची संख्या कमी असते, आणि दाणे असले तर सुई तुंबते. म्हणून तुकडा घ्यावा लागतो, आणि इथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट घडते. ऑपरेशन थिएटरमध्ये काढलेला नमुना सवयीने फॉर्मालिनच्या (तुकडा टिकवणाऱ्या रसायनाच्या) बाटलीत टाकला जातो. फॉर्मालिनमध्ये जंतू मरतात, त्या तुकड्यावर कल्चर होऊ शकत नाही. म्हणून नमुना दोन बाटल्यांत जायला हवा: एक फॉर्मालिनमध्ये, सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यासाठी, आणि दुसरा साध्या निर्जंतुक सलाइनमध्ये, सीबीनॅट (टीबीच्या जंतूची जनुकीय चाचणी) आणि कल्चरसाठी. सीबीनॅटमधून जंतू आहे का आणि रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला तो दाद देतो का, हे लगेच कळतं. कल्चरला सहा आठवडे लागू शकतात. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सर्जनला विचारा, ‘डॉक्टर, सलाइनची बाटली पण जाईल ना?’ चांगल्या सर्जनला या प्रश्नाचा राग येत नाही.

टीबी निघालाच तर घाबरण्यासारखं कमी आणि सांभाळण्यासारखं जास्त आहे. औषधं सरकारी कार्यक्रमातून मोफत मिळतात, फुप्फुसाबाहेरच्या टीबीलाही. नोंद झाली की निक्षय पोषण योजनेतून आहारासाठी दरमहा पैसे खात्यात येतात, नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम ५०० वरून १००० रुपये झाली आहे. गोळ्या किमान सहा महिने, हाताच्या बाबतीत अनेकदा त्याहून जास्त, सर्जन आणि टीबीचे डॉक्टर मिळून ठरवतात. लघवी नारंगी होते, ते रिफाम्पिसिनमुळे, काळजी नको. रंग नीट ओळखू येईनासे झाले, नजर अंधुक झाली, डोळे पिवळे झाले किंवा उलट्या थांबेनात तर मात्र त्याच दिवशी दाखवायचं. तुमच्यासाठी एक खास सूचना: रिफाम्पिसिनमुळे मधुमेहाच्या काही गोळ्यांचा असर कमी होतो आणि साखर चढते. पहिल्या महिन्यात साखर वरचेवर तपासा, डोस बदलावा लागेल.

आता ऑपरेशनचं. तुमच्यासारख्या सुजेत ते निदान आणि उपचार दोन्हीचं काम करतं. संपूर्ण भूल बहुधा लागत नाही, काखेत किंवा गळपट्टीच्या हाडापाशी इंजेक्शन देऊन हात बधिर करतात. तळहातापासून मनगटाच्या वरपर्यंत वळणावळणाची चीर, पट्टा मोकळा करायचा, नस बाजूला सांभाळायची आणि मग एकेक टेंडन उचलून त्याच्यावरचं जाड झालेलं आवरण सोलून काढायचं. वेळखाऊ, किचकट काम आहे. शक्यतो हाताची शस्त्रक्रिया नियमित करणारा ऑर्थोपेडिक किंवा प्लास्टिक सर्जन गाठा. ठाणे, मुंबईत असे डॉक्टर आहेत, सरकारी मेडिकल कॉलेजांतही आहेत. मुंग्या येणं ऑपरेशननंतर लवकर कमी होतं. मूठ वळायला मात्र मेहनत लागते: दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून बोटं हलवायची. आधी सगळी सरळ, मग फक्त पुढची दोन पेरं वाकवून आकडा, मग पूर्ण मूठ, दिवसातून चार-पाच वेळा. दुखतं म्हणून जो हात बांधून ठेवतो त्याचा हात आखडतो, आणि तो आखडलेला हात सोडवणं ऑपरेशनपेक्षा कठीण असतं.

तपासण्या होईपर्यंतचे दोन-तीन आठवडे कसे काढायचे? काम बंद ठेवता येत नाही, हे मला कळतं, मला त्यावर उपदेश करायचा नाही. पण त्यातल्या त्यात हे करता येईल. आज रात्रीच उजव्या हातातली अंगठी आणि घट्ट बांगड्या काढून ठेवा. निघत नसतील तर साबण लावून, हात वर धरून काढा. सूज चढल्यावर त्या कापाव्या लागतात, आणि पाटली कापायला कुणालाच आवडत नाही. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधा, लाटताना नको. कणीक मळणं पूर्णपणे दुसऱ्याकडे द्या, मदतनीस किंवा मळायचं यंत्र. हाताच्या टाचेने रेटायचा जोर मळताना सगळ्यात जास्त लागतो, लाटताना त्यामानाने कमी. भिजवलेली कणीक अर्धा तास मुरली की लाटायला आणखी हलकी जाते. ओटा उंच असेल तर पायाखाली फळी घ्या. पोळपाट कोपरापासून वीतभर खाली आला की खांद्याचा भार वापरता येतो, मनगट मोडून रेटावं लागत नाही. पंधरा-वीस पोळ्यांनंतर भाजण्याचं काम घ्या, दुसरीने लाटावं.

दुखणं कमी आहे, तर वेदनाशामक गोळ्या घेऊच नका. मधुमेहात मूत्रपिंडाला डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक रोज परवडत नाही. लागलीच तर पॅरासिटामॉल. सूज उतरवते म्हणून लिहून देतात त्या एन्झाइमच्या गोळीचा फायदा होतो याचा पुरावा तोकडा आहे, पैसे वाचवा. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्या, ज्या घेतल्यावर दोन दिवसांत जादू होते, त्यांत अनेकदा स्टेरॉइड असतं. तुमच्या बाबतीत ते इंजेक्शनइतकंच वाईट. हळदीच्या लेपाने अपाय नाही, उपायही नाही. जोरात चोळून घेणं, ‘शीर बसवणं’ मात्र नको.

तपासण्यांत जंतू नाही, संधिवात नाही, नुसती घर्षणाची सूज असं निघालं तर चित्र पालटतं. मग काम कमी करणं, रात्री बांधायचा पट्टा, व्यायाम, आणि साखर आटोक्यात असेल तर सोनोग्राफीत बघत दिलेलं एखादं स्टेरॉइड इंजेक्शनही चालेल. त्याच जागी पुन्हा पुन्हा नको, दोनदा देऊनही सूज आली तर निदानच परत तपासायचं. संधिवात निघाला तर र्‍हुमॅटॉलॉजिस्टची, म्हणजे संधिवाततज्ज्ञाची, औषधं आधी, हात नंतर.

कामावर परतण्याचा अंदाज: ऑपरेशन झालं तर टाके दहा ते चौदा दिवसांनी निघतात, ताट-भांडं उचलणं तीन-चार आठवड्यांनी, पोळ्या लाटणं दोन ते तीन महिन्यांनी, तेही थोड्यापासून सुरू करून. हे केंद्राच्या गिऱ्हाइकांना आत्ताच सांगून ठेवा आणि लाटणारी बदली बाई शोधायला लागा. रिपोर्ट आले की आकड्यांसकट इथेच लिहा, सीबीनॅटच्या कागदावर रिफाम्पिसिनबद्दल काय लिहिलंय ते विसरू नका.